निर्मनुष्य होडी

मला झोपायचे पैसे मिळतात. हे वाक्य मी एकदा सोसायटीच्या गच्चीवर बोलून बसलो आणि तेव्हापासून साताऱ्यात माझी किंमत उतरली. लोकांना वाटतं, दुपारी जेवून आडवं व्हायचं, तासाभराने उठायचं, की खात्यात पैसे जमा. तसं ते आहेही म्हणा. पण त्या तासाभरात कोणाचं तरी भांडण माझ्या डोक्यात उतरलेलं असतं, याचा कोणी विचार करत नाही. पूर्वी मी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायचो, आता लोकांची स्वप्नं तपासतो. गाडीवाले आणि स्वप्नवाले सारखंच खोटं बोलतात. स्वप्नवाले फक्त जरा हळू आवाजात बोलतात.

'निद्राहाट' हा बाजार बहुधा तुमच्याही फोनवर असेल. तिथे माणसं आपली स्वप्नं विकायला मांडतात. कोणाचं भर उन्हात आमराईत पडून राहण्याचं, कोणाचं पाण्याखाली श्वास घेण्याचं, तर कोणाचं नुसतं एका लांबलचक पडवीतून चालत जाण्याचं. ऐकायला जादू वाटते, पण त्यात जादूटोणा काही नाही. झोपेत पापण्यांआड डोळे भिरभिरत असतात, तेव्हा मेंदू पाहिलेल्या जागा पुन्हा चालून बघत असतो. त्यात काही पेशी फक्त जागा ओळखतात. इथे वळलो की ही पेशी जागी होते, तीन पायऱ्या उतरलो की ती. हा जागं होण्याचा क्रम कपाळपट्टीने टिपता येतो आणि दुसऱ्याच्या झोपेत हलक्या विद्युतलहरींनी पुन्हा वाजवता येतो. शरीराच्या हालचालीही त्याबरोबर जातात: तोल, हेलकावा, हात उचलणं. चेहरे मात्र जात नाहीत. कोणाचा चेहरा कुठे साठवायचा, हे ज्याचा त्याचा मेंदू आपल्या लहरीप्रमाणे ठरवतो. म्हणून बाजारात विकत मिळते ती जागा. माणसं घेणाऱ्याने स्वतःची आणायची.

आणि लोकांना माणसंच नको असतात. निद्राहाटवर सर्वांत महाग विकली जातात ती 'निर्मनुष्य' या सदरातली, म्हणजे माणसाला जागाच न ठेवलेली स्वप्नं. दिवसभर माणसांनी पिळून काढलेली गिऱ्हाइकं रात्री एक रिकामा किनारा विकत घेतात आणि तिथे एकटीच बसून राहतात. मला त्यांची कीव येते, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटतो.

व्यवहार झाला की पैसे लगेच विकणाऱ्याकडे जात नाहीत. काही दिवस ते बाजाराकडे अडकून राहतात. तेवढ्यात तक्रार आली, की भांडण सुरू. स्वप्न पोचलंच नाही, किंवा मध्येच तुटलं, असल्या तक्रारी यंत्रच निकालात काढतं. 'वर्णनाप्रमाणे नाही' अशी तक्रार आली की मात्र यंत्र हात वर करतं आणि आमच्यासारख्या पंचांना झोपायला सांगतं. पंचाला सजग झोपेचं शिक्षण दिलेलं असतं. म्हणजे स्वप्नात असतानाच हे स्वप्न आहे हे जाणायचं, नुसतं बघायचं, काहीही करायचं नाही. फळ दिसलं तरी खायचं नाही. कोणी रडत असलं तरी जवळ जायचं नाही.

हे शिक्षण अंगात फार भिनतं. माझी बायको केतकी हे माझ्या आधी ओळखून होती.

"आज भाजीबाजारात मला काय वाटलं सांगू?" एका दुपारी ती ताट वाढताना म्हणाली. "मी चालत होते आणि एकदम असं वाटलं, की हे सगळं..."

"किती वाजता?" मी विचारलं.

तिने आमटीची वाटी माझ्यासमोर ठेवली. "मंदार, तू जेव."

"अगं, नीट कळावं म्हणून विचारलं."

"तुला कळायला नकोय रे, तपासायला हवंय," ती म्हणाली आणि स्वतःचं ताट घेऊन गॅलरीत गेली. तिथून अजिंक्यतारा दिसतो. त्या दिवसांत ती किल्ल्याशी बोलायची की काय, कोण जाणे. माझ्याशी तरी कामापुरतंच बोलायची.

त्याच दुपारी माझ्याकडे होडीचं भांडण आलं.

विकणारी होती सुगंधा डोर्लेकर, रत्नागिरीच्या दक्षिणेला एका खाडीकाठी राहणारी. तिच्या बापाचा तिथे 'तर' होता. म्हणजे तो होडीतून माणसं या काठावरून त्या काठावर पोचवायचा, आणि त्याच्यामागे ती पोचवायची. पुढे खाडीवर पूल झाला आणि होडी वाळूत पालथी पडली. तिचं स्वप्न त्याच होडीचं होतं. वर्णन एवढंच: 'पहाट. खाडी. होडी. माणूस कोणी नाही.' हे स्वप्न तुफान खपत होतं. अभिप्राय वाचले तर सगळे भरभरून, पण विचित्र. 'मन भरून आलं.' 'आभार, डोर्लेकरताई.' स्वप्नात काय आहे ते एकानेही लिहिलं नव्हतं.

घेणारा होता नागपूरचा शंतनू वैरागडे. त्याची तक्रार एका ओळीची होती: 'निर्मनुष्य म्हणून विकलं, यात माणूस आहे.'

नियम सोपे होते, म्हणून भयंकर होते. तक्रार खरी ठरली तर पैसे परत जातात आणि माल परत येतो. आता स्वप्न परत कसं येणार? ते घेणाऱ्याच्या पट्टीतून पुसलं जातं. त्यात निर्मनुष्य सदरात माणूस निघाला, तर तो थेट सदोष माल. मग ते स्वप्न बाजारातूनच पुसून टाकतात, सगळ्यांसाठी.

पुसलं तर पुसलं, ती बाई पुन्हा ते स्वप्न बघेल, असं तुम्ही म्हणाल. तसं होत नाही. आठवण म्हणजे कपाटातली साडी नव्हे, की काढली, दाखवली आणि घडी घालून पुन्हा ठेवली. आठवण बाहेर काढली की ती ओली होते आणि मेंदूला ती नव्याने सुकवून ठेवावी लागते. नोंद करणारी पट्टी नेमकी त्याच वेळी तिला हात लावते, त्यामुळे ती पुन्हा पूर्वीसारखी घट्ट होत नाही. विकलेलं स्वप्न विकणाऱ्याला सहसा पुन्हा पडत नाही. सुगंधाबाईंची होडी आता फक्त बाजारातल्या नोंदीत शिल्लक होती आणि तिचं काय करायचं ते माझ्या वामकुक्षीवर ठरणार होतं.

मी पट्टी लावली, पडदा ओढला आणि आडवा झालो.

पाणी आलं. आधी पायाखाली आलं, मग डोळ्यांना दिसलं. उजेड अजून फुटायचा होता, तरी सगळं स्वच्छ दिसत होतं. खाडी इतकी निवांत होती, की ती वाहतेय की नुसतीच जागी आहे ते कळेना. होडीची फळी तळव्यांना गार लागत होती. हातात वल्हं होतं आणि त्याचा दांडा एका जागी झिजून गुळगुळीत झालेला होता. मागे काठ होता, माडांच्या मुळांपाशी धुकं साचलेलं. मी पंच आहे, हे माझ्या ध्यानात होतं, पण ते ध्यान दूर कुठेतरी, पलीकडच्या काठावर ठेवल्यासारखं होतं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

होडी सुटणार, एवढ्यात हात थांबले. अंग काठाकडे वळलं, छाती भरून आली आणि घशाशी काहीतरी आलं. मी ते गिळलं. पंचाने गिळायचंच असतं. मग होडी थांबून राहिली. ती बराच वेळ कसली तरी वाट बघत होती. काठ रिकामा होता. माडांच्या मुळांपाशी कोणी आलं नाही. मग हातांनी आपोआप वल्हं मारलं आणि मी एकटाच पार गेलो.

उठलो तेव्हा उशी ओली होती. नियमाप्रमाणे मी लिहिलं, 'माणूस आढळला नाही.' सुगंधाबाई जिंकल्या होत्या. मला मात्र कोणीतरी जेवणाच्या पंगतीतून उठवल्यासारखं वाटत होतं.

निकालाआधी दोघांना समोरासमोर बोलावून ऐकून घ्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी मी दोघांना फोनच्या पडद्यावर बोलावलं. सुगंधाबाई पासष्टीच्या होत्या, अंगणात बसल्या होत्या, मागे कोलंबी वाळत घातलेली दिसत होती. शंतनू पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. झोप झाली नसावी असा चेहरा.

"मी काय लबाडी केली नाय, साहेब," सुगंधाबाईंनी सुरुवात केली. "झोप माझी, होडी माझी. तिच्यात मी कोनाला बसवलेला नाय."

"मग मी काहून खोटं बोलू?" शंतनू उसळला. "होडीत नाही म्हणत मी. काठावर! पाण्यात उभा राहते तो. गुडघाभर पाण्यात, होडीला हात लावून. अन् माझ्याकडे पाहते."

"कोण?" मी विचारलं.

"माझा दादा. सौरभ."

"ते हयात आहेत?"

"आहे न. वर्ध्याला असते. बोलणं नाही आमचं."

मी त्याला चेहऱ्यांचं शास्त्र समजावून सांगितलं. जागा यांची, माणूस तुमचा. मलाही कोणी दिसलं नाही, हेही सांगितलं. तो मान हलवत राहिला. मग मी नोंदी चाळल्या आणि मला एक गोष्ट दिसली, जी यंत्राला केव्हाच दिसली असणार, पण यंत्राने तिच्याबद्दल विचारलं नव्हतं.

"वैरागडे, सदोष म्हणून तक्रार केल्यानंतरही तुम्ही हे स्वप्न रोज रात्री लावताय."

त्याने खाली बघितलं.

"माल खराब आहे म्हणायचं आणि रोज खायचा, याला काय म्हणतात?" मी म्हणालो. माझ्यातला विमावाला खूश झाला होता. चोर सापडला की आम्हाला आनंद होतो.

"पैसे नको मला," शंतनू म्हणाला. "ठेवा म्हणा त्यांनी पैसे. पण पैसे परत दिल्याशिवाय ते पुसत नाही न तुम्ही."

"पुसायचं तर तुमच्या पट्टीवर बटण आहे. तुम्हीच पुसा."

"नाही होत सर." त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि तसाच बोलत राहिला. "ते विचारते, 'नक्की पुसायचं का?' अन् माझं बोट थांबते. बाबांच्या दुकानावरून आमचं वाजलं होतं, म्हणून माझ्या लग्नाला मी दादाला बोलावलं नाही. सगळ्यांना बोलावलं, त्यालाच नाही. तरी तो आला होता म्हणे. हॉलच्या गेटपर्यंत. माझ्या मामाने पाहिला. थोडा वेळ उभा राहिला अन् गेला. आता रोज येते, तसाच उभा राहते, अन् मी रोज होडी ढकलून देतो. तुम्ही पुसा न सर. निकाल देऊन पुसा. म्हणजे ते मी केलं असं होणार नाही."

माझ्यातला विमावाला गप्प झाला. असं भांडण माझ्यापुढे कधी आलं नव्हतं. हा माणूस पैशांसाठी भांडतच नव्हता. त्याला भावाला पुन्हा एकदा परत पाठवायचं होतं आणि या खेपेला ते काम माझ्या सहीने व्हायला हवं होतं.

"डोर्लेकरबाई," मी म्हणालो, "होडी सुटण्याआधी मधेच थांबते. छाती भरून येते. ते काय आहे?"

"ती हाक," त्या सहज म्हणाल्या.

"कसली हाक?"

"अवो, होडी सोडताना हाक नको मारायला? 'आनखी कोन हाय काय?' असा विचारायचा, मग थांबायचा. झाडीतून कोन धावत येत असला तर? पुढची फेरी तासाभराने. बापूस मारायचा, मग मी मारायची."

"हे तुम्ही वर्णनात लिहिलं नाहीत."

"त्यात काय लिवायचा?" त्यांना खरोखरच नवल वाटलं. "होडी म्हटली का हाक आलीच. आमी काय वल्ह्याला लाकूड हाय, ते पन लिवायचा?"

आता मला सगळं कळलं. हाकेचा आवाज नोंदला जात नाही, नोंदली जाते ती घसा उघडण्याची हालचाल आणि त्यानंतरचं थांबणं. घेणारा झोपेत स्वतःच्या घशाने हाक मारतो आणि वाट बघत उभा राहतो. वाट बघणारा मेंदू रिकामा राहत नाही. तो धुक्यातून कोणाला तरी घेऊन येतो, ज्याला बोलवायचं राहून गेलंय त्याला. निर्मनुष्य स्वप्न हवं म्हणून आलेली ती शेकडो गिऱ्हाइकं कोणा ना कोणाला भेटली होती आणि एकानेही तक्रार केली नव्हती.

"तुमच्याकडे कोण येतं?" मी सुगंधाबाईंना विचारलं. हा प्रश्न पंचाचा नव्हता.

"ते स्वप्न मला आता पडत नाय, साहेब. इकलेला ना. पन पैसे साठले का मीच इकत घेते." त्या हसल्या. "माझाच माल, बाजाराला दलाली देऊन घेते. बापूस येतो. लुंगी वर खोचून येतो आनि म्हनतो, सरक, वल्हं मला दे. तेवढा पुसू नका."

शंतनूने तोंडावरचे हात काढले. त्याने पहिल्यांदाच त्या बाईंकडे नीट बघितलं असावं.

मी निकाल तिथेच सांगितला. स्वप्न निर्दोष. त्यात विकणारीने कोणताही माणूस घातलेला नाही. वर्णनात एका वाक्याची भर घालावी, 'होडी सुटण्याआधी हाक मारली जाते.' तक्रार फेटाळली. स्वप्न पुसलं जाणार नाही.

"म्हणजे तो येतच राहीन," शंतनू हळूच म्हणाला.

"येनार," सुगंधाबाई म्हणाल्या. "तू हाक मारतोस, तो येतो. त्याची काय चूक? ऐक बाबा, उतारूने पान्यात पाय घातला का होडी ढकलायची नाय. आमच्यात त्याला पाप मानतात. तू ढकलतोस, म्हनून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच उभा."

"अन् बसला होडीत, मग काही बोलला तर?"

"बोलूदे की. खाडी काय लहान हाय?"

पडदा बंद करण्याआधी त्याने हात जोडले. मला की त्यांना, ते कळलं नाही.

सुगंधाबाईही उठायला लागल्या. मी त्यांना थांबवलं. माझ्या कामात असं करत नाहीत, पण मला राहवेना.

"बाई, माझ्या वेळी कोणीच आलं नाही. काठ रिकामा होता."

"तुमी हाक मारलीत?"

"घशाशी आली होती. गिळली."

"का वो?"

"पंच आहे मी. मी फक्त बघायचं असतं."

त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "मग कोन कशाला येईल, साहेब?" त्या म्हणाल्या आणि कोलंबीवर बसलेला कावळा हाकलायला गेल्या.

निकाल नोंदवला की पंचाच्या पट्टीतली स्वप्नाची प्रत संध्याकाळी आपोआप पुसली जाते. तोवरची दुपार माझी होती. स्वयंपाकघरात केतकी काहीतरी निवडत बसली होती. मला तिच्यापाशी जाऊन बसावंसं वाटलं, पण जाऊन काय बोलायचं ते सुचेना. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याकडे फक्त प्रश्न शिल्लक राहिले होते, किती वाजता, कोण होतं, नक्की का. मला माझीच लाज वाटली. मी खोलीत आलो, पट्टी लावली आणि या वेळी स्वतःला काहीही बजावलं नाही.

पुन्हा ते गार पाणी आलं. तीच न फुटलेली पहाट, तळव्यांखाली तीच फळी. हे स्वप्न आहे हे मला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून त्याची पर्वा नव्हती. मी होडीवाला होतो आणि माझी होडी सुटायची होती. अंग काठाकडे वळलं. धुकं माडांमध्ये घुटमळत होतं. छाती भरून आली, घशाशी ते आलं आणि मी तोंड उघडलं. आवाज निघेना. स्वप्नातला आवाज ओठांपर्यंत पोचत नाही, कारण झोपेत मेंदूने अंगाला कुलूप घातलेलं असतं. मी जीव एकवटला. एका माणसाला बोलवायचं एवढं अवघड असतं, हे मला माहीत नव्हतं. मी पुन्हा पुन्हा जोर लावला आणि शेवटी कुलूप तुटलं.

"कोणी आहे का?"

मी डोळे उघडले. पडद्यातून उन्हाची तिरीप आली होती. माझाच आवाज खोलीत अजून घुमत होता. जिथे माडांची मुळं असायला हवी होती, तिथे दारात केतकी उभी होती. हात ओले, पदर खोचलेला, चेहऱ्यावर भीती. धावत आली होती.

"काय झालं? काय होतंय तुला?"

"काही नाही," मी म्हणालो. मला एकदम रडू फुटलं. साठीच्या माणसाला शोभत नाही तसं, नाक वाहत, आवाज करत. "काही नाही गं. हाक मारत होतो."

"कोणाला?"

ती जवळ आली. ओल्या हातांनी माझ्या कपाळावरची पट्टी तिने सोडवली आणि बाजूला ठेवली. मग पलंगाच्या कडेला बसली.

"मला वाटलं, तुला कोणी लागतच नाही," केतकी म्हणाली.

मी सरकलो आणि तिला जागा करून दिली.